गादीखालची चौकट

१९२९ ते १९३६ या काळात इंग्लंडमधल्या डर्बी शहरात रोल्स-रॉइसने ‘२०/२५’ या मॉडेलच्या ३,८२७ गाड्या बांधल्या. त्यांपैकी एकीलाही कारखान्याने बसायला सीट दिली नाही. कंपनी विकायची ती फक्त चासी, म्हणजे पोलादी सांगाडा, इंजिन, चाकं, रेडिएटर आणि स्टिअरिंग. ही चासी मग गिऱ्हाइकाने निवडलेल्या बॉडी बांधणाऱ्या कारखान्यात जायची. हूपर, बार्कर, पार्क वॉर्ड, थ्रप अँड मॅबर्ली ही त्यांतली मोठी नावं. तिथे सुतार चासीवर लाकडाचा सांगाडा उभा करत, पत्र्याचे कारागीर त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवत, रंगारी रंगाचे थर देत आणि शेवटी कुशनवाले आत शिरत.

यातल्या बार्करचा कारखाना १७१० पासूनचा, हूपरचा १८०५ पासूनचा. मोटार जन्माला येण्याआधी कितीतरी पिढ्या हे लोक बग्ग्या बांधत होते. खाली घोड्याऐवजी इंजिन आलं, पण वरचं लाकूड, सांधे, हत्यारं आणि गादी भरण्याची रीत तीच राहिली. म्हणून अशा गाडीची सीट दुरुस्त करायला घेणाऱ्याने मोटारीच्या पुस्तकापेक्षा बग्गी बांधणाऱ्यांच्या कामाकडे बघितलेलं बरं.

आणि पहिलीच अडचण तिथे उभी राहते. या कामाचे नकाशे नाहीत. इंग्लंडमध्ये नॉर्दॅम्प्टनशरमधल्या पॉलर्सपरी गावी रोल्स-रॉइसच्या शौकिनांच्या क्लबने चासीची मूळ कार्डं जपून ठेवली आहेत. गाडी कोणी मागवली, बॉडी कोणाकडे बांधायला दिली, हे त्यांवरून कळतं. सीटच्या पाठीचा वरचा दांडा किती वळलेला होता, हे मात्र त्या कार्डांवर शोधू नये. तो आकार बॉडी बांधणाऱ्याच्या कारखान्यात होता. बऱ्याच कारखान्यांत भिंतीवरच्या मोठ्या फळ्यावर किंवा कागदावर पूर्ण मापाचं चित्र काढत, त्यावरून लाकडाचे फर्मे कापत, आणि गाडी बाहेर पडली की फळा पुढच्या कामासाठी पुसला जाई. एकाच मॉडेलच्या दोन गाड्या, एकाच कारखान्यात, एकाच वर्षी बांधलेल्या असल्या तरी एकीच्या सीटची चौकट दुसरीला बसेलच असं नाही. सीट मालकाच्या उंचीनुसार केलेली असे. शोफर चालवणार असेल तर पुढची सीट वेगळी, मालक स्वतः चालवणार असेल तर वेगळी.

ऑस्टिन सेव्हनचं तसं नाही. १९२२ ते १९३९ या काळात ती गाडी तीन लाखांच्या जवळपास बनली. तिच्या लाकडी भागांचे संच आजही तयार मिळतात, पैसे भरले की खोका घरी येतो. पण एकेकट्या बांधलेल्या गाडीत कुजलेली, किडीने पोखरलेली, हातात घेतली की भुगा सांडणारी ती जुनी चौकट हाच एकमेव नकाशा असतो. या प्रकरणात पुढे जे येईल ते सगळं या एका गोष्टीतून निघतं. ज्या दिवशी कोणी घाईने ते जुनं लाकूड जाळतं, त्या दिवशी त्या सीटचा खरा आकार जगातून जातो.

आधी ही चौकट कशी असते ते पाहू. पुढच्या सीटचे दोन भाग. बैठकीची चौकट चार पट्ट्यांची. तिच्यावर ताणलेली नवार किंवा ठोकलेली फळी, तिच्यावर दोरीने एकमेकींना बांधलेल्या गुंडाळी स्प्रिंगा, त्यावर गोणपाट, मग घोड्याचे केस, कापूस आणि शेवटी कातडं. पाठीची चौकट दोन उभ्या दांड्यांची. त्यांच्या माथ्यावर वळणदार आडवा दांडा आणि मागून बंद करायला प्लायवूड. बैठक आणि पाठ जिथे भेटतात तिथे लाकडाच्या जोडीला लोखंडी पट्टी. सीट पुढेमागे सरकवायची असेल तर बैठकीखाली पोलादी रूळ. मागची सीट याहून निराळी असते. तिची बैठक उचलून बाहेर काढता येते, पण ती जिच्यावर टेकते ती पायांमागची आडवी फळी आणि तिचा दांडा बॉडीच्या सांगाड्यातच सांधलेला असतो. हा फरक नीट ध्यानात ठेवावा, कारण मागच्या सीटच्या दुरुस्तीतली सगळ्यात महागडी चूक तिथेच होते.

लाकूड बहुतेक ॲशचं. युरोपच्या जंगलांत वाढणारं हे पानझडी झाड. वजन घनमीटरला सुमारे ७०० किलो, म्हणजे सागाहून थोडं जड. वसंतात त्याच्या खोडात मोठ्या छिद्रांचा थर येतो, उन्हाळ्यात घट्ट थर येतो आणि दर वर्षाचं कडं स्पष्ट दिसतं. लांब, सरळ रेषे आणि झटका सोसण्याची विलक्षण ताकद हा त्याचा गुण. इंग्लंडमध्ये कुऱ्हाडीचे दांडे, वल्ही आणि बग्गीचे सांगाडे त्याचेच करत. वाफ दिली की ते वळतं आणि कडेला स्क्रू पिळला तरी सहसा चिरत नाही. आपल्याकडचे सुतार बैलगाडीच्या चाकाला बाभूळ निवडत आले, तेही असाच चिवटपणा पाहून. दगडावर आदळल्यावर तुटण्याऐवजी सोसणारं लाकूड चाकाला हवं, सीटलाही हवं.

सीटला असं काय सोसावं लागतं? पाठीच्या सांध्याचा विचार करा. त्या काळचा ब्रेक दाबायला पायाचा चांगलाच जोर लागे, आणि पाय जोरात पुढे दाबला की माणूस तितक्याच जोराने पाठ मागे रेटतो. बैठकीपासून ४० सेंटिमीटर उंचीवर ३० किलोचा रेटा बसला, तर खालच्या सांध्यावर एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला १२ किलो टांगल्याइतका पीळ पडतो. चौकात, वळणावर, खड्ड्यात, पुन्हा पुन्हा. दणकट, ताठ सांधा अशा वापरात लवकर फुटतो. जुन्या कारागिरांनी थोडं लवचणारं लाकूड आणि त्याला धरून ठेवणारी लोखंडी पट्टी अशी जोडी केली, ती याच हिशेबाने.

ॲशचा दोष एकच, पण मोठा आहे. कुजण्यापुढे ते अजिबात टिकत नाही. जमिनीत पुरलेला ॲशचा खुंट पाच वर्षंही धड राहत नाही. सागाच्या गाभ्यात किडीला आणि बुरशीला रोखणारी द्रव्यं असतात, तसं ॲशच्या पोटात काही नाही. कोरडं ठेवलं तर शंभर वर्षं टिकतं, ओलं ठेवलं तर काही पावसाळ्यांत संपतं. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीला घर मिळतं. गाडीत अशा जागा ठरलेल्या आहेत. दारातून आत झिरपलेलं पाणी जिथे साचतं तो बैठकीचा खालचा दांडा ही पहिली जागा. त्याच्याखाली गालिचा आणि नमदा असेल तर ते पाणी आठवडाभर धरून ठेवतात. पट्टीचं कापलेलं टोक ही दुसरी. लाकूड पाणी पितं ते प्रामुख्याने टोकाकडून, म्हणून वरून ठणठणीत दिसणारा सांधा उघडला की आत कुसू, म्हणजे खाचेत बसणारं टोक, काळं, मऊ आणि चुरगळलेलं सापडतं. लोखंडी पट्टी आणि स्क्रूच्या भोवती वेगळंच घडतं. गंजणारं लोखंड आणि ओल मिळून भोवतालचं लाकूड रासायनिकरीत्या पोखरतात. स्क्रू गंजून बारीक होतो, भोक मोठं होत जातं आणि एक दिवस स्क्रू बोटांनी ओढून बाहेर येतो. ज्या गाड्यांत बॅटरी सीटखाली असे, तिथे सांडलेल्या आम्लाने लाकडाचे रेषे सुटे होऊन पृष्ठभाग लोकरीसारखा दिसू लागतो. असा भाग आतून घट्ट वाटला तरी त्यावर नवा सांधा घालू नये. आम्ल किती खोल गेलंय ते डोळ्यांना दिसत नाही.

मग कीड. इंग्लंडमध्ये फर्निचर पोखरणारा जो भुंगेरा आहे, त्याची अळी लाकडाच्या आत तीन-चार वर्षं काढते आणि बाहेर पडताना दीड-दोन मिलिमीटरचं गोल भोक ठेवते. भोकं दिसली म्हणजे कीड आत आहे असं नव्हे. ती बाहेर पडून गेल्याची ती खूण असते. आत्ता काम चालू आहे का, हे ताज्या, फिकट भुग्यावरून ओळखावं. आपल्या हवेत दुसरा एक भुंगेरा जास्त त्रास देतो. त्याचा भुगा मैद्यासारखा बारीक पडतो आणि मोठ्या छिद्रांच्या, पिष्टमय लाकडावर त्याचा डोळा असतो. ॲश नेमकं तसं आहे. वाळवीचा प्रश्न तर आपल्याकडे सांगायलाच नको. बंद शेडमध्ये फरशीवर वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत वाळवी टायरच्या कडेने वर चढून सीटपर्यंत पोचलेली सापडते.

उपायांत मला बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सचं पाणी सगळ्यात पसंत आहे. ते स्वस्त आहे, लाकडात खोल जातं, नंतर सरस किंवा रंग लावायला फारशी आडकाठी करत नाही आणि पुढे येणाऱ्या किडीलाही रोखतं. मात्र ते पाण्यात विरघळणारं आहे. गाडी पुन्हा भिजली तर ते धुऊन जाणार. तेव्हा आधी पाणी कुठून येतं ते शोधून थांबवायला हवं. दाराचं रबर, पुढच्या काचेची खालची कड आणि छताची शिवण तपासल्याशिवाय लाकडाला हात लावणं म्हणजे तेच काम पाच वर्षांनी पुन्हा अंगावर घेणं.

सीट उघडायची ती घाईने नव्हे. कातडं चुके काढून उतरवावं, कापून नाही. चुके म्हणजे गादी ठोकण्याचे बारीक खिळे. त्यांची रांग एकेक करून उपटताना बरंच कळतं. एकाच कडेला भोकांच्या तीन ओळी असतील तर गादी तीनदा भरली गेली आहे. निळसर, हाताने घडवलेल्यासारखा चुका एका थराचा, चकचकीत स्टेपलची पिन दुसऱ्या, अगदी अलीकडच्या. स्क्रूच्या डोक्यावर चौफुलीची खाच दिसली तर तो भाग मूळचा नाही, कारण ती खाच मोटारीत पहिल्यांदा १९३६ च्या सुमाराला अमेरिकेत कॅडिलॅकच्या कारखान्यात आली, आणि इंग्लिश बॉडी बांधणारे तर तेव्हा सरळ खाचेचे स्क्रूच वापरत होते. लाकडाच्या आतल्या बाजूला बऱ्याचदा पेन्सिलने लिहिलेले किंवा ठोकून उमटवलेले आकडे सापडतात. तो बॉडीचा क्रमांक असतो. ‘उजवी’, ‘डावी’ अशा कारागिराच्या खुणाही दिसतात. त्यांचे फोटो काढावेत आणि तेवढा तुकडा काहीही झालं तरी ठेवावा.

चौकट उघडी पडली की माप घ्यायचं, पण तिचे सांधे सुटे व्हायच्या आधी. दोन्ही कर्ण मोजून ते सारखे येतात का पाहावं. जुनी चौकट क्वचितच काटकोनात असते. वर्षानुवर्षं एकाच बाजूने माणूस चढत-उतरत असल्यामुळे ती बाहेरच्या बाजूला झुकलेली असते. इथे प्रश्न उभा राहतो की झुकलेली चौकट खरी मानायची की सरळ केलेली? माझ्या मते, दोन्ही सीट शेजारी ठेवून मोजाव्यात. ड्रायव्हरच्या शेजारची सीट साधारण कमी वापरलेली असते आणि तिच्यात मूळ आकार जास्त टिकलेला असतो. दोन्ही आरशातल्या प्रतिमेसारख्या केल्या असतील, तर चांगल्या बाजूचा फर्मा उलटा ठेवून वाईट बाजू मिळते. फर्मा तीन-चार मिलिमीटरच्या प्लायवूडचा कापावा, त्यावर प्रत्येक भोक, प्रत्येक खाच आणि रेषांची दिशा बाणाने लिहावी. कुजलेला भाग जागच्या जागी चुरगळू लागला, तर पातळ सरस किंवा रेझिन पाजून तो आधी घट्ट करावा आणि मग माप घ्यावं.

रेझिनबद्दल इथे स्पष्ट बोलायला हवं. मऊ पडलेलं लाकूड इपॉक्सी पाजून ‘पुन्हा लाकूड’ करता येतं, अशी समजूत फार पसरली आहे. माप घेण्यापुरतं, किंवा न दिसणारा, भार न घेणारा कोपरा जपण्यासाठी हा उपाय चांगला. पण रेझिनने घट्ट झालेल्या कडेत चुके शिरत नाहीत, शिरले तर तुकडे उडतात. आणि सांध्याच्या जागी तर हे काम धोकादायक आहे. एका बाजूला दगडासारखं रेझिन, दुसऱ्या बाजूला लवचणारं लाकूड, या दोघांच्या सीमारेषेवरच पुढचा तडा जातो. भार घेणारा भाग कुजला असेल तर तो कापून नवीन लाकूड घालण्याला पर्याय नाही.

किती कापायचं? जेवढं कुजलं तेवढंच, आणि त्यापुढे बोटभर निरोगी लाकूड. टोच्या घेऊन दर काही सेंटिमीटरवर टोचत जावं. टोच्या जिथे उडी मारून मागे येतो तिथून पुढे लाकूड धड आहे. नवा तुकडा जोडायचा तो सरळ टोकाला टोक लावून नव्हे. दोन्ही टोकं लांब, तिरकी कापून एकावर एक बसवायची. जाडीच्या आठपट लांबीचा तिरका काप ही जुनी आणि भरवशाची मोजणी आहे. २५ मिलिमीटर जाडीच्या दांड्याला २०० मिलिमीटर. एवढा लांब काप कोणाला वाया वाटेल, पण सरसाला चिकटायला जागा लांबीतूनच मिळते. काप अशा बाजूने घ्यावा की दाब आला की सांधा मिटत जाईल, उघडणार नाही.

वळणदार दांड्याचं काम निराळं आहे. पाठीचा वरचा दांडा जुन्या कारागिरांनी बहुतेक वेळा रुंद फळीतून फर्म्याप्रमाणे कापलेला असतो. मग वळणाच्या टोकांना लाकडाचे रेषे आडवे तुटतात आणि दांडा तिथेच मोडतो. मोडलेली जागा बघितली की हे लगेच लक्षात येतं. नवा दांडा करताना असा मोह होतो की वाफेने वाकवावा किंवा दोन-तीन मिलिमीटरच्या पातळ पट्ट्या सरसाने एकमेकींवर चिकटवून वळण आणावं, म्हणजे रेषे अखंड राहतील. ताकदीच्या दृष्टीने हे दोन्ही उपाय चांगले. वाफ द्यायची तर दर २५ मिलिमीटर जाडीला साधारण एक तास, नंतर मिनिटभरात साच्यात दाबायचा, कारण थंड झालेलं लाकूड ऐकत नाही. साचा हव्या त्या वळणाहून थोडा जास्त वळलेला ठेवायचा, सोडल्यावर दांडा जरा सरळ होतोच. यासाठी सावलीत सावकाश वाळवलेलं लाकूड घ्यावं. भट्टीत वाळवलेलं लाकूड वाकताना तडकतं. पण मूळ दांडा कापून केलेला असेल, आणि तो मोडलेला नसून फक्त किडीने गेला असेल, तर मी नवाही कापूनच करावा असं म्हणेन. त्या दांड्याने नव्वद वर्षं काम केलं आहे. सुतारकामाची रीत हाही त्या गाडीचा भाग आहे.

आता मागच्या सीटकडे वळू. पायांमागची फळी आणि तिचा दांडा गाडीच्या दोन्ही बाजूंचे खांब एकमेकांपासून ठराविक अंतरावर धरून ठेवतात. कुजलेला दांडा ‘आधी काढू, मग नवा करू’ म्हणून सोडवला, की बॉडी दोन-चार मिलिमीटर पसरते किंवा आत दबते. दिसत काहीच नाही. नवा दांडा मापाने बसतोही, आणि मग मागचं दार लागत नाही. हे टाळायला, दांडा सोडवण्याआधी दोन्ही दारं बंद करून फटी मोजाव्यात, आतून लाकडी टेकू घट्ट बसवावा, आणि बाहेरच्या पत्र्याला ताण न येता खांब जागच्या जागी राहतील हे पाहावं. मगच करवत हातात घ्यावी. दांडा दोन तुकड्यांत बदलणं शक्य असेल तर एकदम पूर्ण काढूच नये.

सरस कोणता वापरायचा, यावर जाणकारांत कायम वाद असतो. जुन्या कामात प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेला, गरम करून लावायचा सरस असे. कोमट पाणी आणि वाफ दिली की तो सुटतो, म्हणजे पुढच्या दुरुस्तीला वाट राहते. हा त्याचा फार मोठा गुण. पण दमट हवेत तो मऊ पडतो, आणि मुंबईच्या पावसाळ्यात त्याच्यावर सांधा सोपवणं धाडसाचं आहे. बाजारात मिळणारा पांढरा गोंद फर्निचरला उत्तम असतो, पण उन्हात उभ्या गाडीच्या आत ६० अंशांच्या आसपास उष्णता होते आणि सततच्या ताणाखाली तो हळूहळू सरकतो. सीटच्या सांध्याला तो लावू नये. भार घेणाऱ्या लांब तिरक्या जोडाला इपॉक्सी आणि मूळच्या कुसू-खाचेला गरम सरस, शिवाय स्क्रू आणि लोखंडी पट्टी पुन्हा जशीच्या तशी, हा मला पटलेला मेळ आहे.

महाराष्ट्रात अशी गाडी दुरुस्त करणाऱ्यापुढे लाकडाचा प्रश्न वेगळाच उभा राहतो. ॲश आपल्याकडे वाढत नाही. आयात केलेलं अमेरिकन पांढरं ॲश मोठ्या शहरांतल्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे मिळू शकतं, आणि ते युरोपी ॲशचं जवळचं भावंड आहे. पण त्याचा पुरवठाही आता निर्धास्त नाही. युरोपात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पोलंडमध्ये दिसलेला, ॲशची झाडं शेंड्यापासून वाळवत नेणारा बुरशीचा रोग २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये आढळला. अमेरिकेत २००२ मध्ये मिशिगन राज्यात सापडलेल्या हिरव्या रंगाच्या भुंगेऱ्याने कोट्यवधी झाडं मारली आहेत. मॅल्व्हर्न गावातला मॉर्गनचा कारखाना आजही आपल्या गाड्यांच्या बॉडीत ॲशचा सांगाडा घालतो, त्याला हे सगळं फार जवळून लागतं.

मग साग? इंग्रज कारखाने उष्ण देशांत जाणाऱ्या काही बॉड्यांना साग वापरत होते, आणि मद्रासच्या सिम्प्सन कंपनीसारखे कारखाने इथेच बॉड्या बांधत. तेव्हा भारतात आलेल्या एखाद्या गाडीत सागाची चौकट निघाली, तर ती नंतरची समजून काढून टाकू नये, ती मूळचीही असू शकते. साग ॲशपेक्षा बराच कमी आकसतो-फुगतो, वाळवीला सहज बळी पडत नाही. उणेपणा असा की अचानक बसलेला झटका तो ॲशइतका सोसत नाही, कडेच्या स्क्रूने चिरतो, आणि त्याच्या तेलकटपणामुळे सरस धरत नाही. सांधा लावण्याआधी पृष्ठभाग स्पिरिटने पुसून लगेच सरस लावला तर हे बऱ्याच अंशी टळतं. चिवटपणाच हवा असेल तर आपल्या जंगलातला धावडा आहे, ज्याचे गाड्यांचे आस आणि हत्यारांचे दांडे होत आले. पण तो फार जड, आणि वाळताना वाकडा होतो. बैठकीच्या चौकटीला साग, आणि पाठीच्या उभ्या दांड्यांना मिळालं तर ॲश, अशी वाटणी करायला माझी हरकत नाही. मात्र तशी नोंद लिहून ठेवावी.

लाकूड कोणतंही असो, ते किती वाळलंय हे मोजल्याशिवाय कापू नये. पावसाळ्यात मुंबईची हवा ८५ टक्के दमट असते, आणि त्या हवेत महिनोन् महिने राहिलेल्या लाकडात १७-१८ टक्के ओल मुरते. तेच लाकूड पुण्याच्या चैत्रात ७-८ टक्क्यांकडे उतरू लागतं. एवढ्या फरकाने ५० मिलिमीटर रुंदीची ॲशची पट्टी मिलिमीटरभराहून जास्त आकसते. ऑगस्टमध्ये घट्ट बसवलेला सांधा एप्रिलमध्ये कुरकुरतो, तो त्यामुळे. १०-१२ टक्क्यांवर आणलेलं लाकूड घेऊन काम करावं आणि ते शक्यतो कोरड्या महिन्यांत उरकावं.

उरली ती चुक्यांनी चाळण झालेली कड. चौकट धड असते, पण बाहेरची कड इतक्या वेळा ठोकली गेलेली असते की तिथे नवा चुका धरत नाही. पुट्टी भरून काही होत नाही. ही कड रंध्याने दहा-बारा मिलिमीटर खोल काढून तिथे ॲशचीच नवी पट्टी सरसाने बसवावी आणि मूळ गोलाईला आणावी. काम किचकट नाही, पण गादीचा आकार या कडेवर ठरतो. कड दोन मिलिमीटर उंच राहिली तर कातडं फुगीर बसतं, खाली गेली तर सुरकुत्या पडतात, आणि कुशनवाल्यावर विनाकारण ठपका येतो.

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, ज्याला फिवा म्हणतात, २०१२ मध्ये ट्यूरिन सनद मान्य केली. बदललेला भाग कायमस्वरूपी पण नजरेत न भरणाऱ्या खुणेने ओळखता यावा, ही तिच्यातली अपेक्षा मला अतिशय योग्य वाटते. नव्या लाकडाला काळपट रंग देऊन ते जुनं भासवणं म्हणजे पुढच्या सुताराची दिशाभूल. नवी पट्टी तिच्या फिकट रंगात राहू द्यावी, आतल्या बाजूला वर्ष कोरावं, आणि काढलेले तुकडे चिठ्ठी लावून गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावेत. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी होते, आणि तिच्या चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. मागच्या सीटचा दांडा बॉडीचाच भाग असल्याने त्या कामाचे आधीचे-नंतरचे फोटो असणं शहाणपणाचं.

चौकट पूर्ण झाली की नवार ताणण्याआधी ती नुसती गाडीत बसवून बघावी. फळी टाकून तिच्यावर बसावं, पाठीला रेटावं, रूळावर पुढेमागे सरकवावी. कुरकुर ऐकू आली तर कुठलं तरी लाकूड लाकडावर घासतंय. तिथे कातड्याचा पातळ तुकडा किंवा शंखजिऱ्याची पूड पुरते. त्यानंतरच नवार, स्प्रिंगा, गोणपाट. स्प्रिंगा बांधताना दोरी चारी दिशांनी आणि दोन्ही कर्णांवर बांधावी, आणि सगळ्या स्प्रिंगा माणूस बसल्यावर जितक्या दबतील त्याच्या निम्म्याने आधीच दाबून ठेवाव्यात, नाहीतर चौकटीवर प्रत्येक खड्ड्यात मोकळा आघात होतो. गाडी तीन-चारशे किलोमीटर चालली, आणि मध्ये एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेला, की बैठक उचलून लोखंडी पट्ट्यांचे स्क्रू एकदा पुन्हा पिळावेत. नवं लाकूड तेवढ्या काळात आपल्या जागी बसलेलं असतं आणि प्रत्येक स्क्रू पाव-अर्धा वेढा आणखी घेतो.